क्रोबॅटने माझा निष्कर्ष कसा पाडला : तुलनात्मक अभ्यास सुरू करण्याआधी



पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, आणि विषयाच्या शीर्षकात 'तुलनात्मक अभ्यास' हे दोन शब्द आहेत, अशी तुमच्यापैकी अनेकांची अवस्था असते. माझीही होती. 'अमुक आणि तमुक : एक तुलनात्मक अभ्यास' असं लिहिलं की विषय तयार झाल्यासारखा वाटतो. मग गाईड विचारतात, "तुलना करायची ती कशाच्या आधारावर?" आणि आपण गप्प.

आज हेच समजून घेऊ. उदाहरण माझ्याच कामातलं घेते. मी व्हिडिओ गेममधल्या कथनावर काम करते आणि त्यातला एक भाग आहे पोकेमॉन गेममधले प्रतिस्पर्धी आणि खलनायक. हसू नका! विषय हलका वाटला तरी पद्धतीच्या चुका तुमच्या विषयात होतात त्याच इथे होतात. फायदा एवढाच की इथे त्या लवकर दिसतात.

(गेम खेळायचे राहिले असतील तर सावध राहा. पुढे बऱ्याच कथांचे शेवट फुटणार आहेत.)

आधी थोडी ओळख

पोकेमॉनचे पहिले दोन गेम, रेड आणि ग्रीन, 27 फेब्रुवारी 1996 ला जपानमध्ये गेम बॉयवर आले. रचना प्रत्येक वेळी साधारण तीच. तुम्ही एक मुलगा किंवा मुलगी असता. एक प्राध्यापक तुम्हाला तीन पोकेमॉनमधून एक निवडायला सांगतात : आग, पाणी किंवा गवत. पाणी आगीला भारी, आग गवताला भारी, गवत पाण्याला भारी. दगड-कागद-कात्रीसारखंच. मग गावोगाव फिरायचं, पोकेमॉन पकडायचे, जिममध्ये लढायचं आणि शेवटी चॅम्पियनला हरवायचं. या प्रवासात दोन प्रकारची माणसं आडवी येतात. एक, तुमच्यासोबतच निघालेला प्रतिस्पर्धी. दोन, एखादी टोळी आणि तिचा म्होरक्या.

नऊ पिढ्या झाल्या, साचा तोच राहिला आणि माणसं बदलत गेली. तुलनेसाठी याहून सोयीचं साहित्य मिळणं अवघड. निदान मला तसं वाटलं होतं.

पायरी 1 : मैदान आखून घ्या

पोकेमॉन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना टीव्हीवरचा अ‍ॅश आठवतो, आणि टीम रॉकेट म्हटलं की जेसी, जेम्स आणि मिआउथ. पण ही मंडळी मुळात कार्टूनची. 1996 च्या गेममधली टीम रॉकेट गमतीदार अजिबात नाही. तिचा म्होरक्या जिओव्हानी एका मोठ्या कंपनीची इमारतच ताब्यात घेतो, आणि लॅव्हेंडर टाउनमध्ये एका पिल्लाची आई या टोळीच्या हातून मेलेली असते. कार्टूनमधली टीम रॉकेट आणि गेममधला सायरस यांची तुलना केली तर तुम्ही खलनायकांची तुलना करत नाही, दोन माध्यमांची करता. ती करायला हरकत नाही, पण मग शीर्षकात तसं लिहा.

गेमच घ्यायचे ठरले तरी प्रश्न संपत नाही. प्रत्येक पिढीत मुख्य जोडी असते, नंतर कधी सुधारित आवृत्ती, कधी रीमेक. 1999 च्या गोल्ड आणि सिल्व्हर गेममधला प्रतिस्पर्धी, ज्याला चाहते सिल्व्हर म्हणतात, तो जिओव्हानीचा मुलगा आहे हे तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. खरं आहे, पण ते स्पष्ट होतं 2009 च्या रीमेकमध्ये, सेलेबीच्या एका खास प्रसंगात. 1999 चा गेम खेळणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. मग '1999 मध्ये वडील-मुलगा हे सूत्र आलं' असं लिहिता येईल का? नाही येणार. ते 2009 चं वाचन 1999 वर लादणं झालं.

मी शेवटी मैदान असं आखलं : नऊ पिढ्या, प्रत्येक पिढीतली फक्त पहिली जोडी. म्हणजे 1996, 1999, 2002, 2006, 2010, 2013, 2016, 2019 आणि 2022. यात चांगल्या गोष्टी बाहेर राहतात. 2012 च्या गेममधला ह्यू मला फार आवडतो. बहिणीचा चोरीला गेलेला पोकेमॉन शोधणारा, सगळा राग टोळीवर काढणारा मुलगा. तो बाहेर गेला. वाईट वाटलं, पण नियम एकदा केला की आवडत्यांसाठी मोडायचा नसतो.

पायरी 2 : 'खलनायक' म्हणजे कोण, ते आधी लिहा

इथे मी खूप अडखळले. 1996 मधला प्रतिस्पर्धी, प्राध्यापक ओक यांचा नातू ब्लू, उद्धट आहे, पण तो गुन्हा करत नाही. सिल्व्हर मात्र प्रयोगशाळेतून पोकेमॉन चोरतो. मग तो खलनायक का? जिओव्हानी टोळीचा म्होरक्या आहे, पण आठव्या जिमचा अधिकृत प्रमुखही तोच. 2010 च्या ब्लॅक आणि व्हाइटमधला एन हा टीम प्लाझ्माचा राजा, आणि तरीही तो तुमच्याशी वाद घालत, लढत, बरोबरीने पुढे जाणारा प्रतिस्पर्धी वाटतो.

आपल्या परंपरेत याला शब्द आहे, प्रतिनायक. धनंजयाच्या दशरूपकात तो लोभी, उद्धट, हट्टी, पाप करणारा, व्यसनी असा सांगितला आहे. ही स्वभावाची यादी झाली. तिने मोजायला गेलं तर ब्लूसुद्धा अर्धा प्रतिनायक ठरतो आणि एन अजिबात ठरत नाही.

मला उपयोगी पडला व्लादिमीर प्रॉप. या रशियन अभ्यासकाने 1928 च्या पुस्तकात शंभर परीकथा घेतल्या आणि पात्र कोण आहे यापेक्षा ते कथेत काय काम करतं हे पाहिलं. त्याचं म्हणणं असं, की एकच पात्र दोन कामं करू शकतं, आणि एकच काम दोन पात्रांत विभागलं जाऊ शकतं. हे वाचल्यावर माझी गाठ सुटली. मी व्याख्या अशी केली :

– नायकाला जे मिळवायचं आहे तेच ज्याला मिळवायचं आहे, तो प्रतिस्पर्धी.
– ज्याचं उद्दिष्ट रोखल्याशिवाय कथा पुढे जात नाही, तो खलनायक.

आता एन दोन्ही रकान्यांत जातो आणि त्यात काही बिघडत नाही. सिल्व्हर प्रतिस्पर्धी राहतो, चोर असला तरी. व्याख्या सुंदर असण्याची गरज नाही. तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणी ती वापरली तर तेच उत्तर यायला हवं, एवढंच.

पायरी 3 : पुरावा तपासा, म्हणजे माझी फजिती

आता शीर्षकातला क्रोबॅट.

माझा पहिला मोठा दावा सिल्व्हरबद्दल होता. गोल्बॅट नावाचा वटवाघळासारखा पोकेमॉन आहे. त्याचा क्रोबॅट होतो तो नुसती लेव्हल वाढवून नाही. त्याचा मालकावर खूप जीव जडला तरच. सिल्व्हर सुरुवातीला पोकेमॉनना हत्यारासारखं वापरतो. त्याच्याकडे गोल्बॅट असतो. गेमच्या अखेरच्या लढायांत तोच क्रोबॅट झालेला दिसतो. मी लिहिलं : 'पात्राचा बदल संवादातून न सांगता खेळाच्या नियमातून सांगितला आहे.' आणि पुढे, 'म्हणून नियम हाच कथनाचा विश्वासार्ह पुरावा आहे.' या वाक्यावर मी अख्खं प्रकरण उभं केलं होतं. आठ महिन्यांचं काम.

सहामाही प्रगती सादरीकरणात समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "क्रोबॅट अजून कुणाकडे आहे?"

मी पाहिलंच नव्हतं. घरी येऊन पाहिलं. 2006 च्या डायमंड आणि पर्लमधला सायरस, टीम गॅलॅक्टिकचा म्होरक्या. भावना हेच जगातल्या दुःखाचं मूळ, म्हणून भावनाच नसलेलं नवं जग घडवायचं, असं म्हणणारा माणूस. स्पिअर पिलरवरच्या त्याच्या शेवटच्या लढाईत त्याच्याकडे कोण आहे? क्रोबॅट.

आता दोनच वाटा. एक तर क्रोबॅट म्हणजे माया, आणि मग सायरसच्या मनातही माया आहे असं म्हणावं लागेल. (काही चाहते असं म्हणतातही, आणि ते वाचन सुंदर आहे.) नाहीतर क्रोबॅटवरून काहीच सिद्ध होत नाही. सिल्व्हरसाठी पुरावा धरायचा आणि सायरससाठी योगायोग म्हणायचा, ही तिसरी वाट संशोधनात नाही.

शिवाय साधी स्पष्टीकरणं मी विचारातच घेतली नव्हती. क्रोबॅट 1999 मध्ये नवीन आला होता. नवा पोकेमॉन महत्त्वाच्या पात्राच्या हातात दाखवणं स्वाभाविक आहे. सायरसकडचे हॉनक्रो आणि वीव्हाइल हेसुद्धा 2006 मध्ये नवे होते. आणि वटवाघळं तर या मालिकेतल्या टोळ्यांचा नेहमीचा सरंजाम.

इथून मी एक सवय लावून घेतली. कोणताही पुरावा हाती आला की विचारायचं : माझा दावा जिथे लागू नाही, तिथेही हा पुरावा सापडतो का?

ही सवय अजून दोन प्रसिद्ध वाचनांवर लावून पाहा.

पहिलं : 2010 मधला गेटसिस क्रूर आहे, कारण त्याचा हायड्रायगॉन 54 लेव्हलचा आहे, आणि नियमाने तो 64 च्या आधी होऊच शकत नाही. म्हणजे त्याने पोकेमॉनवर जबरदस्ती केली. पटतं ना? आता 1999 मधला चॅम्पियन लान्स बघा. सज्जन माणूस, टोळीविरुद्ध तुमच्या बाजूने लढणारा. त्याच्याकडे तीन ड्रॅगनाइट, तिन्ही 50 किंवा त्याखालचे. नियमाने ड्रॅगनाइट 55 ला होतो. मग लान्सही क्रूर? गेटसिस क्रूर आहे याबद्दल शंका नाही, एनशी तो कसा वागतो आणि बोलतो त्यातून ते उघड आहे. फक्त लेव्हल हा त्याचा पुरावा नाही.

दुसरं : ब्लूचा रॅटिकेट मेला. जहाजावरच्या लढाईत तो ब्लूकडे असतो. पुढची भेट पोकेमॉनच्या स्मशान-मनोऱ्यात होते, आणि तिथे तो संघात नसतो. इंटरनेटवर ही गोष्ट इतकी फिरली आहे की अनेकांना ती गेममध्ये सांगितलेली वाटते. गेममध्ये तसं कुठेही म्हटलेलं नाही. खेळाडू संघ बदलत असतातच. एखादी गोष्ट दिसत नाही, एवढ्यावरून ती का दिसत नाही हे कळत नाही.

मग माझ्या सिल्व्हरच्या दाव्याचं काय झालं? तो पूर्ण मेला नाही, लहान झाला. गेममध्ये लान्सकडून हरल्यावर सिल्व्हर चिडून सांगतो, की पोकेमॉनवर तुझं प्रेम आणि विश्वास नाही असं लान्सने त्याला ऐकवलं. नंतर त्याची भाषा हळूहळू बदलते. हा स्वतंत्र पुरावा आहे. त्याच्या जोडीला क्रोबॅट ठेवला तर तो दुजोरा देतो. एकटा उभा केला तर पडतो. प्रकरणातली तीस पानं गेली आणि चार राहिली. रडू आलं होतं, लपवत नाही. पण ती चार पानं आता कुणी विचारलं तर पडत नाहीत.

पायरी 4 : सगळ्यांना एकच प्रश्न विचारा

यानंतर मी एक्सेल शीट उघडली आणि 'कोण जास्त चांगला लिहिलाय' हा प्रश्न सोडून दिला. त्याऐवजी नऊही गेमना विचारता येईल असा अगदी कोरडा प्रश्न घेतला : तुम्ही सुरुवातीचा पोकेमॉन निवडल्यावर, त्याला भारी पडणारा पोकेमॉन कुणाकडे जातो?

उत्तरं अशी आली :

– 1996, 1999, 2002, 2006 : बरोबरीच्या एकाच प्रतिस्पर्ध्याकडे. ब्लू, सिल्व्हर, प्राध्यापक बर्च यांचं मूल, बॅरी. चारही वेळा.
– 2010, 2013 : उरलेले दोन पोकेमॉन बरोबरीच्या दोन मित्रांत वाटले जातात. एकाकडे भारी, एकाकडे हलका.
– 2016, 2019, 2022 : बरोबरीचा मित्र (हाऊ, हॉप, निमोना) तुमच्यापुढे हलका पडणारा पोकेमॉन घेतो. भारी पोकेमॉन मोठ्या माणसाकडे जातो : प्राध्यापक कुकुई, हॉपचा मोठा भाऊ आणि चॅम्पियन लिऑन, शाळेचे संचालक क्लॅव्हेल.

चार, दोन, तीन. शीट भरून झाल्यावर मी बराच वेळ नुसती बघत बसले.

आता अर्थ लावायचा. पहिलं सुचणारं स्पष्टीकरण : प्रतिस्पर्धी आता प्रेमळ झालेत, म्हणून सोपा पोकेमॉन घेतात. हे तपासता येतं. 2002 मधलं बर्च यांचं मूल प्रेमळच आहे. 2006 मधला बॅरी उतावळा आहे, उशीर केलास तर दंड करीन म्हणतो, पण मित्रच. दोघांकडेही भारी पोकेमॉन आहे. म्हणजे स्वभाव 2002 लाच मऊ झाला, आणि निवड पूर्ण बदलली 2016 ला. मधे चौदा वर्षं. स्वभाव हे कारण पुरत नाही.

दुसरं स्पष्टीकरण : नव्या खेळाडूला सुरुवात सोपी जावी. हे टिकतं. पण त्यातही एक बारकावा आहे. आव्हान नाहीसं झालेलं नाही, ते फक्त सरकलं. कुकुई, लिऑन, क्लॅव्हेल तिघेही कथानकाच्या शेवटाकडे तो भारी पोकेमॉन घेऊन समोर येतात. आधी तुमच्या वयाचा मुलगा तुम्हाला अडवत होता. आता तो सोबत चालतो आणि अडवणारं माणूस वडीलधारं आहे.

निमोनाकडे अजून नीट पाहा. ती आधीच चॅम्पियन दर्जाची आहे आणि तुमच्यासोबत लढता यावं म्हणून नव्या पोकेमॉनपासून पुन्हा सुरुवात करते. शीटमध्ये तिचा आणि हाऊचा कोड एकच, 'हलका'. अर्थ मात्र वेगळा. हाऊ मजेत खेळतो, ती समजून उमजून मागे थांबते. म्हणून कोडसोबत एक शेरा-रकाना ठेवाच.

खलनायकांना तोच न्याय

इथेही प्रचलित समज असा, की खलनायक दिवसेंदिवस गुंतागुंतीचे झाले. 1996 ची टोळी पैशासाठी. 2002 मध्ये टीम मॅग्माला जमीन वाढवायची, टीम अ‍ॅक्वाला समुद्र. 2006 मध्ये सायरसचं नवं विश्व. 2010 मध्ये पोकेमॉनना माणसांपासून मुक्त करण्याचा विचार. चढता आलेख वाटतो. पण 2016 ची टीम स्कल येते, बस थांब्याचा फलक चोरणारी, आणि आलेख कोसळतो. सरळ रेषा दिसली की तिला मोडणारं उदाहरण आधी शोधा. तुम्ही नाही शोधलंत तर व्हायवाला दुसरं कुणीतरी शोधेल.

मी प्रश्न बदलला : टोळी आणि सगळ्यात मोठा धोका एकाच घरात राहतात का? 2013 पर्यंत हो. रॉकेट, मॅग्मा-अ‍ॅक्वा, गॅलॅक्टिक, प्लाझ्मा, फ्लेअर : टोळी आणि धोका एकाच संघटनेत. 2016 पासून नाही. टीम स्कल ही भरकटलेली मुलं, मोठा धोका मात्र ईथर फाउंडेशनच्या अध्यक्ष लुसामिनी यांच्याकडून. 2019 मध्ये टीम येल म्हणजे मार्नीचे उत्साही चाहते, संकट ओढवतात लीगचे अध्यक्ष रोज. हजार वर्षांनी येणाऱ्या ऊर्जाटंचाईच्या काळजीने! 2022 मध्ये टीम स्टार ही शाळेत छळ सोसलेली मुलं, आणि शेवटचा सामना प्राध्यापकांनी बनवलेल्या यंत्राशी.

दोन वेगळे प्रश्न, आणि दोन्हींची उत्तरं 2016 लाच बदलली. मुलं एका बाजूला, अधिकारपदावरची मोठी माणसं दुसऱ्या बाजूला. हा माझा आत्ताचा दावा आहे. एकाच वेळी बदललं म्हणजे एकामुळे दुसरं बदललं असं मी म्हणत नाही. नऊच नोंदी आहेत, आणि नऊ नोंदींवर कार्यकारणभाव बांधायचा नसतो. जे मोजलं तेवढंच म्हणायचं.

तुमच्यासाठी

आज रात्री आपल्या सिनॉप्सिसच्या मागच्या कोऱ्या पानावर चार ओळी लिहा :

1. माझ्या अभ्यासात काय येतं आणि काय येत नाही? (माझा ह्यू कोण?)
2. माझ्या मुख्य शब्दाची अशी व्याख्या, जी मैत्रिणीने वापरली तरी तेच उत्तर येईल.
3. माझ्या सगळ्या उदाहरणांना विचारता येईल असा एक कोरडा प्रश्न.
4. माझा सगळ्यात लाडका पुरावा, आणि तो अजून कुठे कुठे सापडतो.

चौथ्या ओळीला वेळ लागेल. लागू द्या. नोंद करताना गेमची आवृत्ती, भाषा, कितवी भेट हे सगळं लिहून ठेवा. तुमच्या विषयात ते हस्तलिखित, मुलाखत किंवा जनगणनेचं वर्ष असेल.

त्या मॅडमनी तो प्रश्न विचारला तेव्हा मला फार राग आला होता. आता मी स्वतःला तोच प्रश्न दर पानाला विचारते. आठ महिने उलटल्यावर दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात स्वतःलाच विचारलेला बरा.

पुढच्या लेखात शेरा-रकान्यातून थीम कशा काढायच्या ते पाहू. तोपर्यंत, तुमचा क्रोबॅट सापडला तर कळवा.